चौकटीतला कचरा

फोटो सुंदर होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की हिच्या पोटात दुखलं म्हणून ही ओरडली. माझ्या नाकावर राग असतो हे खरं आहे, पण डोळे शाबूत आहेत. काटक्यांचं वाटीएवढं घरटं, त्यात तीन पिल्लं, तिघांच्या चोची वर आ वासलेल्या, आतला घसा लालभडक, आणि वरून बुलबुलाची मादी चोचीत अळी धरून वाकलेली. मागे सगळं मऊ, हिरवट, पुसट. समोर एक पान आडवं नाही. असा फोटो मला जन्मात जमला नसता.

आमचं मंडळ महिन्यातल्या एका रविवारी सकाळी छापखान्याच्या वरच्या खोलीत भरतं. सगळे हौशी. पोटापाण्याला वेगळं काहीतरी करणारे आणि उरलेल्या वेळात कॅमेरा गळ्यात घालून वणवण फिरणारे. प्रत्येकानं आपला सगळ्यात आवडता एक फोटो मोठा छापून आणायचा आणि पालथा टेबलावर ठेवायचा. छापखानेवाला ते सगळे दोरीला चिमट्यांनी अडकवतो. कपड्यांचेच लाकडी चिमटे, पण त्यानं ते उरलेल्या पिवळ्या शाईत बुडवून काढलेत, कारण लोक ते पिशवीत टाकून घरी नेतात आणि मग ‘आमचेच आहेत’ म्हणून भांडतात. चिमट्यासाठी!

मग एकेका फोटोवर बोलायचं. ज्याचा फोटो असेल त्यानं मिठाची गुळणी धरून बसायचं. सगळ्यांचं बोलून झालं की मगच त्यानं तोंड उघडायचं आणि फोटो कसा काढला ते सांगायचं. दुसऱ्याच्या मध्ये जो बोलेल, त्यानं त्या दिवशीचे चहाचे कप घासायचे. हा नियम सरांचा. मंडळच सरांनी काढलेलं. कॉलेजात भूमिती शिकवून निवृत्त झालेला माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, आवाज असा की पाठीमागच्या बाकापर्यंत पोचावा. त्यांचं एक वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ आहे: “आधी चौकट साफ करा.” म्हणजे फोटोत जे नको ते आधी काढा. खांब, तारा, आडवी फांदी, मधे आलेलं माणूस. सरांच्या भाषेत हे सगळं म्हणजे कचरा.

मी दवाखान्यात एक्स-रे काढते. दिवसभर लोकांना “श्वास धरा, हलू नका, आता सोडा” असं म्हणत असते. म्हणून मंडळात मला हाडवाली म्हणतात. म्हणोत बापडे.

तर त्या रविवारी पिल्लांचा फोटो दोरीवर चढला आणि खोलीत ‘अहाहा’ सुरू झालं.

“प्रकाश बाजूनं आलाय,” दातांची डॉक्टर म्हणाली. मंडळात माझी खरी मैत्रीण तीच. “म्हणून तर तो लाल रंग असा पेटलाय. आणि बघा ना, काय तोंडं उघडलीत! माझ्या खुर्चीत बसणाऱ्यांनी याच्या निम्मं उघडलं तरी मी पेढे वाटीन.”

सगळे हसले. मीही हसले.

“मागचं कसं विरघळलंय,” छापखानेवाला कागदाला नाक लावून म्हणाला. “लेन्स पूर्ण उघडी ठेवलीय पठ्ठ्यानं. आणि हात हललेला नाही. स्टँडवरच काढलाय हा.”

“फोकस अळीवर नाही, मादीच्या डोळ्यावर आहे,” मी म्हटलं. “बरोबर केलंय. डोळा चुकला असता तर फोटो गेला असता.”

हो, मीही तारीफ केली. माझ्या तोंडानं केली. आणि आणखी काहीतरी बोलावं म्हणून फोटोच्या खालच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे कठड्याचा एक तुकडा होता, हिरवा, धूसर. त्या हिरव्यावर रंग उडालेले टवके होते. एका ओळीत, जवळजवळ. लोखंडाचा कठडा असा ओळीनं टवके उडून खराब होत नाही. रोज एकाच जागी, एकाच उंचीवर काठी आपटली तरच होतो.

ती काठी माझ्या बाबांची. तो कठडा माझ्या गॅलरीचा.

आता बाबांचं सांगायला हवं, नाहीतर माझा राग कोणाला कळायचा नाही. बाबा रेल्वेच्या फाटकावर होते. आयुष्यभर फाटक लावलं आणि उघडलं. आईशी भांडण झालं की त्यांचं एकच पालुपद असायचं, “माझ्यात शंभर खोटी काढ, पण ड्युटीवर माझा डोळा लागला असं कोणी म्हणून दाखवावं.” आई गेली, आणि मग वर्षभरापूर्वी बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. चाकाच्या खुर्चीत बसून ते भिंतीकडे बघत राहायचे. व्यायाम करून घेणारी मुलगी यायची, गोड बोलायची, रागे भरायची. “काका, हा हात खांद्याच्या वर गेला ना, की आपण जिंकलो.” बाबा तोंड फिरवायचे. हात मांडीवरून बोटभरसुद्धा हलवायचे नाहीत. मी विनवण्या केल्या, ओरडले, रडले. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि मग गॅलरीतल्या मधुमालतीत बुलबुलानं घरटं केलं. अगदी आत, पानांच्या गर्दीत. बाबांनीच पहिल्यांदा पाहिलं. समोरच्या तारेवर एक कावळा येऊन बसायचा, मान वाकडी करून टेहळणी करायचा. एक दिवस मी स्वयंपाकघरात असताना गॅलरीतून टण्‌ असा आवाज आला आणि पाठोपाठ बाबांचा आवाज, “हुश्श!” मी धावत गेले. बाबांच्या उजव्या हातात काठी होती. डाव्या हातानं त्यांनी ती उजव्या मुठीत बसवली होती आणि तो मेलेला हात उचलून कठड्यावर आपटला होता. कावळा उडाला. झटक्यानंतर माझ्या बापाच्या तोंडातून निघालेला तो पहिला शब्द. मी तिथेच फतकल मारून बसले आणि हमसून हमसून रडले.

त्या दिवसापासून बाबा पुन्हा ड्युटीवर रुजू झाले. सकाळी चहा झाला की गॅलरीत, ऊन चढलं तरी हटायचे नाहीत. कावळा आला की टण्‌, हुश्श. हात रोज थोडा थोडा वर जायला लागला. मादीला बाबांची इतकी सवय झाली की त्यांच्या खांद्यावरून उडत घरट्यात जायची. पिल्लं निघाली तेव्हा बाबा लहान पोरासारखे हसले. मी एक फोटो काढला. बाबांचा हात, काठी, मागे पानांतून जेमतेम दिसणारं घरटं, एका बाजूला वाळत घातलेली उशीची खोळ. मंडळाच्या आधीच्या बैठकीत तोच नेला होता. सर म्हणाले होते, “भावना ठीक आहे, पण कचरा फार. कोपर काय, खोळ काय! घरटं दिसतंय कुठे?” आणि नंतर चहा पिताना सहज विचारलं होतं, “पिल्लं किती दिवसांची आहेत?”

पुढच्याच आठवड्यात मी कामावर असताना सर घरी येऊन गेले. बाबांना सांभाळणाऱ्या मावशींनी संध्याकाळी सांगितलं, “तुमचे सर आले होते, फळं ठेवून गेले. मला म्हणाले, ‘मी बसतो काकांजवळ, तुम्ही निवांत बाजार करून या.’ फार भला माणूस.” मला भरून आलं. पण पुढचं ऐकायला मला वेळ नव्हता, कारण गॅलरीत घरटं कलंडलं होतं. रिकामं. मादी कपड्यांच्या दोरीवर बसून सारखी ओरडत होती. बाबा आतल्या खोलीत होते. मावशी बाजारातून आल्या तेव्हा ते तिथे खुर्चीत मान टाकून झोपलेले होते. त्यांना वाटलं, सरांनी उन्हातून आत आणलं असेल.

मी बाबांना गॅलरीत नेलं. त्यांनी घरट्याकडे पाहिलं. मग डाव्या हातानं स्वतःच्या तोंडात मारून घ्यायला लागले. एकदा, दोनदा, मी हात धरेपर्यंत. डोळ्यांकडे बोट दाखवायचे, डोळे मिटून दाखवायचे, आणि पुन्हा थोबाडीत. ड्युटीवर डोळा लागला. एवढंच त्यांना सांगायचं होतं.

त्यानंतर काठी कपाटामागे गेली. खुर्ची गॅलरीकडे वळवली की ते डाव्या हातानं चाक धरून ठेवायचे. हात पुन्हा मांडीवर, शब्द पुन्हा बंद. व्यायामवाली रडकुंडीला आली. मी त्यांना सांगून सांगून थकले की बाबा, कावळ्याचं कामच आहे ते, तुमचा काय दोष? ते माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. दुसऱ्या दिवशी वेलीच्या एका फांदीला पिवळा चिमटा दिसला होता. मला वाटलं, माझ्याच पिशवीतून आला असेल, मावशींनी टॉवेलला लावला असेल. काढून टोपलीत टाकला. आणि सरांना फोन करून मी, मी मूर्खानं, बाबांना भेटायला आल्याबद्दल आभार मानले! “अगं, त्यात काय एवढं,” सर म्हणाले होते.

हे सगळं त्या खोलीत, त्या टवक्यांकडे बघताना, एका झटक्यात माझ्या डोक्यात जुळलं. तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी गप्प बसले. म्हटलं, बोलू दे. नियमच आहे ना, सगळ्यांचं झालं की ज्याचा फोटो त्यानं कसा काढला ते सांगायचं. सांग की.

सर घसा साफ करून उठले. “फोटो माझा आहे,” ते म्हणाले. जणू कोणाला शंका होती! “एका ओळखीच्यांच्या घरी घरटं होतं.” माझ्याकडे बघून ते हसले, काय गंमत केली असं. “हाडवालीला मुद्दाम सांगितलं नव्हतं. म्हटलं, एकदम दाखवू. तर घरटं खूप आत होतं. समोर पानांचा पडदा. तसंच काढलं असतं तर काय दिसलं असतं? कचरा. मग मी आधी चौकट साफ केली. दोन फांद्या चिमट्यांनी मागे कठड्याला धरल्या. तीन-चार पानं खुडली. ऊन थेट आत आलं. कॅमेरा स्टँडवर लावला, वर टॉवेल टाकला, आणि मी दाराआड बसून रिमोटनं बटण दाबत राहिलो.”

“आणि मादी आली लगेच?” छापखानेवाल्यानं विचारलं.

“आधी येईना. तिथे एक खुर्ची होती. ती सारखी हलत होती, सावली पडत होती. खुर्ची आत नेली, मग आली.”

“खुर्ची नाही हलत, सर,” मी म्हटलं. “खुर्चीत माणूस होता.”

सर अजून हसतच होते. “मध्ये बोललीस. कप तुझ्याकडे.”

“कप गेले खड्ड्यात!” मी उठले. “खुर्चीत माझा बाप होता. तो तिथे कशाला बसला होता हे तुम्हाला माहीत होतं. मी याच खोलीत सांगितलं होतं. पहारा द्यायला बसला होता तो! पहारेकऱ्याला ढकलत आत नेलंत आणि पानांची भिंत काढून टाकलीत. आणि वर फळं ठेवून गेलात!”

“हे बघ, शांत हो.”

“नाही होत.”

“अगं, पाच-दहा मिनिटांसाठी नेलं मी त्यांना. ते लगेच पेंगायला लागले. आणि पिल्लांना काही झालं असेल तर तो निसर्ग आहे. घरटी निम्मी तरी जातातच.”

माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या, पण दातांची डॉक्टर माझ्या आधी बोलली. ती कधी आवाज चढवत नाही. दात उपटताना बोलावं तसं ती सावकाश म्हणाली, “सर, फोटो काढून झाल्यावर चिमटे काढलेत का?”

सरांनी शर्टाची बाही सारखी केली.

“फांद्या परत पुढे सोडल्यात का?” तिनं पुन्हा विचारलं.

“सोडल्या असतील. आता एवढं कुठे लक्षात राहतं? प्रकाश जायला लागला होता, मला घरी जाऊन फोटो बघायचे होते.”

“एक चिमटा मी काढलाय,” मी म्हटलं. “दुसऱ्या दिवशी. पिवळा. घरी टोपलीत आहे, हवा तर आणून देते. तुमचाच आहे.”

छापखानेवाल्यानं दोरीवरचे चिमटे उगाचच एकदा पाहिले. बाकीचे माना डोलवणारे आता माना खाली घालून बसले होते. एकजण पुटपुटला, “पक्षीच तर आहेत शेवटी,” आणि मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो कपात तोंड घालून बसला. पक्षीच तर आहेत म्हणे! मग तोंड भरून ‘अहाहा’ कोणाला म्हणत होतात, भिंतीला?

“मला भरपाई नको, माफी नको,” मी सरांना म्हटलं. “माझा बाप रोज स्वतःच्या थोबाडीत मारून घेतो. त्याला वाटतं, तो झोपला म्हणून पिल्लं गेली. मी सांगितलेलं त्याला पटत नाही, मी लेक आहे, मी समजूतच घालणार. तुम्ही चला. त्याच्या समोर उभं राहा आणि सांगा की हे तुम्ही केलंत. बास.”

“म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास द्यायचा?” सर म्हणाले. करून सवरून नामानिराळे! “विसरले असतील ते आत्तापर्यंत. आणि मला दुपारी फोटो मोठा करायला टाकायचाय. प्रदर्शन जवळ आलंय.”

तेव्हा छापखानेवाला, जो सरांपुढे कधी खुर्चीवरसुद्धा टेकून बसत नाही, त्यानं फोटो दोरीवरून उतरवला, गुंडाळी केली आणि सरांच्या हातात दिली. “मोठा मी छापतो, सर,” तो म्हणाला. “तुम्ही ताईंच्या घरी जाऊन या. तोपर्यंत मशीन बंद आहे.”

सर लाल झाले. पण आले. दातांची डॉक्टर आम्हाला गाडीतून सोडायला आली. रस्ताभर सर मागच्या सीटवरून सांगत होते की मोठमोठे लोकसुद्धा फांद्या बाजूला करतात, त्याशिवाय पक्ष्यांचे फोटो होतच नाहीत, मी या क्षेत्रात नवी आहे. मी दात-ओठ खात बाहेर बघत बसले. डॉक्टरनं एकदा माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ती गाडीतच थांबली.

बाबा कपाटाकडे तोंड करून बसले होते. मावशींनी दार उघडलं आणि “या या सर” म्हणून पंखा लावला. त्या बिचारीला काय माहीत!

“काय काका, ओळखलंत ना?” सरांनी विचारलं. एवढ्या मोठ्यानं, जणू बाबा बहिरे आहेत. “कसं असतं ना काका, निसर्गाचे स्वतःचे काही नियम असतात. आपण माणसं उगाच मनाला लावून घेतो. आता घरटं म्हटलं की—”

“सर,” मी म्हटलं, “पानं बाजूला करा. सरळ दिसू द्या.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीसमोर येऊन उभे राहिले. कॅमेऱ्याचा पट्टा उगाच सारखा केला. आणि भूमितीच्या पेपरात मार्क कमी पडलेल्या पोरासारखं पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले, “काका, फांद्या मी बांधल्या होत्या. फोटोसाठी. परत सोडायच्या राहिल्या. तुम्हाला आत मीच नेलं. ते... तुमच्या झोपेमुळे झालेलं नाही.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. खरं का, असं.

“खरं आहे, बाबा,” मी म्हटलं. “तुम्हाला ड्युटीवरून यांनी हलवलं. फाटक यांनी उघडं टाकलं. तुमचा डोळा लागला तेव्हा तुम्ही ड्युटीवर नव्हताच.”

बाबांनी डोळे मिटले. डाव्या डोळ्यातून पाणी गालावर आलं, ते त्यांनी पुसलं नाही. मी पुसायला गेले तर त्यांनी मान बाजूला घेतली.

सरांना वाटलं, संपलं. त्यांना हुशारी आली. गुंडाळी उलगडून त्यांनी फोटो बाबांच्या मांडीवर पसरला. “ही तुम्हाला भेट. बघा, कशी आलीत पिल्लं.” बाबा बघत राहिले. आणि मग उजवा हात, इतके दिवस मेल्यासारखा पडलेला तो हात, सरकत सरकत कागदावर आला. थरथरतं बोट सगळ्यात लहान चोचीवर टेकलं.

गॅलरीतून तिरपा प्रकाश त्या हातावर पडला होता. मलाही दिसलं ते. खोटं कशाला बोलू, पाहायची सवयच लागलेली आहे. पण माझ्या बापाचा हात होता तो.

शेजारी खट्‌ आवाज झाला. लेन्सचं झाकण निघाल्याचा.

“वा!” सर म्हणाले. कॅमेरा डोळ्याला, एक गुडघा जमिनीवर. “काका, असेच राहा. हलू नका अजिबात. आणि हाडवाली, तू जरा मागे हो. चौकटीत येतेयस.”

मी हात उगारला. खरंच सांगते, त्या माणसाच्या कानाखाली आवाज काढायला मी हात उगारला होता. पण बाबांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि कपाटाकडे बोट दाखवलं. कपाटामागे. मावशींना माझ्या आधी कळलं. त्यांनी वाकून काठी काढली, तिच्यावरची धूळ हातानंच पुसली आणि बाबांना दिली.

बाबांनी डाव्या हातानं काठी उजव्या मुठीत बसवली. बोटं एकेक करून आवळली. हात उचलायला लागला. थांबला. थरथरला. दवाखान्यात म्हणते तसं मी मनात म्हटलं, श्वास धरा बाबा, आता सोडा. काठी खुर्चीच्या पाय ठेवायच्या लोखंडी पट्टीवर आपटली. टण्‌!

“हुश्श!”

सरांनी कॅमेरा खाली घेतला आणि पटकन वळून गॅलरीकडे पाहिलं. “कावळा आला का?”

टण्‌! “हुश्श!”

“कुठंय, काका? मला दिसत नाहीये.” सर गॅलरीच्या दारापर्यंत जाऊन, मान बाहेर काढून तारेवर बघून आले.

मावशींनी तोंडावर हात धरला होता. पण त्यांच्याच्यानं राहवलं नाही. “अहो सर,” त्या म्हणाल्या, “तो गॅलरीत नाहीये.”

सर खोलीच्या मध्यभागी उभे राहिले. माझ्याकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबांची नजर त्यांच्यावरून हलली नव्हती. कपाळावर शीर तटतटली होती, ओठाचा चांगला कोपरा ताणला होता. वर्षभरात मी माझ्या बापाला असं रागावलेलं पाहिलं नव्हतं. काठी पुन्हा वर निघाली, आणि सर निघाले. झाकण तिथेच जमिनीवर राहिलं. जिन्यात त्यांच्या बुटांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला, आणि तो थांबेपर्यंत बाबा आपटत होते. टण्‌, हुश्श. टण्‌, हुश्श. शेजारच्यांनी दार उघडून बघितलं.

मग त्यांनी काठीनंच गॅलरीकडे दाखवलं. मी खुर्ची वळवली. चाक त्यांनी धरलं नाही. वेलीला नवी पानं आली होती, घरटं कलंडलेलंच होतं, तारेवर काही नव्हतं. बाबा त्या रिकाम्या घरट्याकडे बघत हुंदके देऊन रडले, मोठ्यानं, आवाज काढून, आणि मी त्यांना रडू दिलं. मावशी मागून माझा दंड हलवत होत्या.

“ताई, अहो, बघितलंत का? शेवटची काठी मारली तेव्हा हात कुठवर गेला होता?”

मी बघितलं होतं. खांद्याच्या वर.